तीन दप्तरें : वान्से, ॲमस्टरडॅम आणि वॉर्सा येथील कागदांवरून युद्धकालीन धर्माधर्माचा विचार

१

जुना कागद हातीं आला म्हणजे तो राखणें हें पुण्यकर्म होय, अशी आपणां सर्व दप्तरशोधकांची श्रद्धा आहे. पोथीच्या अखेरीस लेखक तेल, पाणी आणि सैल बंधन यांपासून आपल्या श्रमाचें रक्षण करण्याविषयीं विनवितो. ती विनवणी मान्य करूनच आपण वाळवी, कसर, रद्दीवाला आणि निष्काळजी वारस या चतुर्विध शत्रूंशीं आयुष्यभर झगडत असतों. परंतु कागद राखणें हें सर्वकाळीं पुण्यच असतें काय? कागद लिहिणारा, राखणारा आणि जाळणारा यांपैकीं कोण केव्हां धर्मानें वागला, हें कोणत्या कसोटीवर ठरवावें? हा प्रश्न केवळ तर्काचा नाहीं. दुसऱ्या महायुद्धांत युरोपखंडांत तो जीवनमरणाचा झाला होता, आणि तेथील कारकून, शिक्षक, चित्रकार व इतिहासकार यांस त्याचें उत्तर आपापल्या कृतीनें द्यावें लागलें.

सन १९३३ मध्यें जर्मनींत नात्सी पक्ष सत्तारूढ झाला. त्या राजवटीनें १९४१ ते १९४५ या काळांत सुमारे ६० लाख ज्यू लोकांचा वध केला. हा वध लढाईच्या धुमश्चक्रींत झालेला नव्हे. त्याच्या मागें खानेसुमारी होती, याद्या होत्या, आगगाड्यांचीं वेळापत्रकें होतीं, जावक क्रमांक होते. म्हणून या संहाराचीं स्थळें पाहावयास जाणाऱ्या मनुष्यास तेथें भिंती व कुंपणें जितकीं दिसतात, तितकेच कागदही दिसतात. प्रस्तुत लेखकास यांपैकीं कांहीं स्थळें पाहण्याचा योग आला. त्यांतील तीन येथें विचारासाठीं घेतलीं आहेत. पहिल्या ठिकाणीं एक कागद लिहिला गेला, दुसऱ्या ठिकाणीं कागद जाळले गेले, आणि तिसऱ्या ठिकाणीं ते पुरून राखले गेले. या तिन्ही कृत्यांची तुलना केली असतां आपल्या श्रद्धेस बाध येत नाहीं, परंतु तिला एक आवश्यक मर्यादा पडते, असें आमचें मत आहे.

२

बर्लिन शहराच्या नैर्ऋत्येस वान्से नांवाचें विस्तीर्ण सरोवर आहे. त्याच्या कांठीं पहिल्या महायुद्धाच्या आरंभाच्या सुमारास एका उद्योजकानें बांधलेला प्रशस्त बंगला आजही उत्तम स्थितींत उभा आहे. पुढें बाग, मागें पाणी, आंत उंच खिडक्यांचीं दालनें. स्थळ पाहतांना मनुष्याच्या मनांत भय उत्पन्न होईल असें तेथें कांहींच नाहीं; आणि हीच त्याची शिकवण आहे. या बंगल्यांत ता. २० जानेवारी १९४२ रोजीं राइनहार्ट हायड्रिख याच्या अध्यक्षतेखालीं पंधरा जणांची बैठक भरली. गृह, न्याय, परराष्ट्र इत्यादि खात्यांचे वरिष्ठ अधिकारी आणि पोलिस व पक्ष यांचे प्रतिनिधी तींत होते. निम्म्याहून अधिकांनीं विश्वविद्यालयाची डॉक्टर ही पदवी मिळविलेली होती, आणि त्यांत कायद्याचे पंडित पुष्कळ होते. बैठक सुमारे दीड तास चालली. इतिवृत्त सिद्ध करण्याचें काम ॲडॉल्फ आइखमन याजकडे होतें.

येथें एक प्रचलित गैरसमज दूर केला पाहिजे. ज्यूंचा वध करण्याचा निर्णय याच बैठकींत झाला असें पुष्कळदां लिहिलें जातें; तें बरोबर नाहीं. जून १९४१ मध्यें रशियावर स्वारी होतांच सामूहिक हत्येस प्रारंभ झाला होता. कीव्ह शहरालगतच्या बाबी यार या घळींत ता. २९ व ३० सप्टेंबर १९४१ या दोन दिवसांत ३३,७७१ ज्यूंस गोळ्या घातल्याची नोंद मारेकऱ्यांच्याच अहवालांत आहे. पोलंडमधील खेल्मनो येथें डिसेंबर १९४१ मध्यें विषारी वायूचा प्रयोग सुरू झाला होता. वान्से येथील बैठकीचा हेतु निरनिराळ्या खात्यांची कामें एकमेकांशीं जुळविणें आणि त्या कामावर हायड्रिखचें प्रमुखत्व मान्य करून घेणें हा होता. सारांश, ती कट करणाऱ्यांची बैठक नसून कारभार करणाऱ्यांची बैठक होती.

इतिवृत्त पंधरा पृष्ठांचें आहे. त्यांत देशवार एक कोष्टक दिलें असून त्याची एकंदर बेरीज १ कोटी १० लाखांच्या वर जाते. जर्मनीच्या ताब्यांत नसलेले देशही त्यांत आहेत: इंग्लंड ३,३०,०००, स्वित्झर्लंड १८,०००, स्पेन ६,०००, आयर्लंड ४,०००. एस्टोनियापुढें आंकडा नाहीं. तेथें ज्यू उरले नाहींत, एवढाच शेरा आहे. आपल्याकडील जमाबंदीचे तक्ते पाहण्याची ज्यास संवय आहे, त्यास या कोष्टकाची मांडणी परिचित वाटेल, आणि तशी ती वाटावी याचेंच त्यास दुःख होईल.

या लेखाची भाषा हा स्वतंत्र अभ्यासाचा विषय आहे. त्यांत ‘वध’ हा शब्द नाहीं. ‘पूर्वेकडे स्थलांतर’ आहे, ‘यथायोग्य व्यवस्था’ आहे, ‘अंतिम उत्तर’ आहे. आपल्या अलंकारशास्त्रांत अभिधा, लक्षणा आणि व्यंजना अशा शब्दाच्या तीन शक्ति मानिल्या आहेत. काव्यांत व्यंजना ही शोभेसाठीं येते. येथें ती अपराध झांकण्यासाठीं आली आहे. वाच्यार्थ स्थलांतराचा, व्यंग्यार्थ मृत्यूचा, आणि सभेंतील प्रत्येकास तो व्यंग्यार्थ अवगत. सन १९६१ मध्यें जेरुसलेम येथील खटल्यांत स्वतः आइखमन यानेंच सांगितलें कीं, प्रत्यक्ष बोलण्यांत मारण्याच्या पद्धतींची चर्चा उघड शब्दांत झाली होती, लेखांत मात्र ती सौम्य करण्यांत आली. संशोधकानें यावरून ध्यानांत घ्यावें कीं, सरकारी कागद अस्सल असूनही त्यांतील शब्द खरा असेलच असें नाहीं. अस्सलपणा ही एक गोष्ट आणि सत्यता ही दुसरी.

या इतिवृत्ताच्या ३० प्रती काढल्या होत्या. त्यांपैकीं एकच आज उपलब्ध आहे. तिजवर १६ हा क्रमांक आहे. परराष्ट्रखात्यांतील मार्टिन लूथर नांवाच्या अधिकाऱ्याची ती प्रत. हा गृहस्थ १९४३ मध्यें आपल्याच मंत्र्याविरुद्ध कारस्थान केल्यामुळें बंदिछावणींत गेला. न्युरेंबर्ग येथील खटल्यांसाठीं कागद शोधीत असतां १९४७ मध्यें ही प्रत परराष्ट्रखात्याच्या दप्तरांत सांपडली. बाकीच्या एकोणतीस कोठें गेल्या असतील हें सांगण्यास मोठ्या तर्काची आवश्यकता नाहीं. पराभव समीप आल्यावर अपराधी मनुष्याचें पहिलें लक्ष दप्तराकडे जातें.

या सभेचें वर्णन वाचीत असतां आपणांस दुसऱ्या एका सभेचें स्मरण झाल्यावांचून राहात नाहीं. द्यूतसभेंत द्रौपदीनें विचारलेल्या प्रश्नास वृद्ध व ज्ञानी यांनीं उत्तर दिलें नाहीं; विकर्ण हा एकच तरुण उठून बोलला. वान्से येथें विकर्णही निघाला नाहीं. कोणास मिश्रविवाहाच्या संततीचा कायदेशीर पेंच सुटावा असें वाटत होतें, कोणास आपल्या प्रांतापासून कामास आरंभ व्हावा असें वाटत होतें; हें करूं नये असें कोणी म्हटल्याची नोंद नाहीं. मनुस्मृतीच्या पांचव्या अध्यायांत मांसभक्षणाच्या प्रकरणीं घातक कोण याची गणना करतांना अनुमति देणाराचें नांव प्रथम घेतलें आहे, आणि त्याच्या मागून कापणारा, विकणारा, विकत घेणारा, शिजविणारा, वाढणारा यांसही त्याच पंक्तीस बसविलें आहे. प्रसंग भिन्न आहे. परंतु कामाची वांटणी झाल्यानें पापाची वांटणी होत नाहीं, हें तत्त्व तेंच आहे.

युद्धानंतर हा बंगला अनेक वर्षें शाळकरी मुलांच्या सहलींसाठीं वापरला जात होता. योझेफ वुल्फ या इतिहासकारानें, जो स्वतः आउश्वित्झ येथून जिवंत परतला होता, १९६० नंतरच्या दशकांत तेथें संशोधन-दप्तर स्थापन व्हावें म्हणून खटपट केली. ती सफल झाली नाहीं, आणि १९७४ मध्यें त्यानें आत्महत्या केली. बैठकीस पन्नास वर्षें पूर्ण झालीं तेव्हां, १९९२ मध्यें, तें स्मारक उघडण्यांत आलें. तेथील ग्रंथालयास आज वुल्फचें नांव आहे.

३

आतां बर्लिनच्या पश्चिमेस, नेदर्लंड्स देशाच्या ॲमस्टरडॅम शहरीं जाऊं. मे १९४० मध्यें हा देश जर्मनीनें जिंकला. तेथील लोकसंख्येचें दप्तर फार व्यवस्थित होतें. प्रत्येक रहिवाशाची पत्रिका, तींत जन्म, पत्ता, धर्म हीं सर्व नोंदलेलीं. शांततेच्या काळीं हें सुराज्याचें लक्षण. जानेवारी १९४१ मध्यें ज्यूंनीं आपलीं नांवें नोंदवावीं असा हुकूम निघाला, आणि कायदा पाळण्याची संवय असलेल्या त्या समाजांत जवळजवळ सर्वांनीं तो पाळला. सुमारे १,४०,००० ज्यूंचा तपशील शत्रूच्या हातीं गेला. मे १९४१ मध्यें ॲमस्टरडॅम नगरपालिकेच्या कचेरींतून शहराचा एक नकाशा तयार झाला. त्यावर ठिपके दिलेले असून प्रत्येक ठिपका म्हणजे दहा ज्यू. नकाशा सुबक आहे. पुराणवस्तूंच्या एखाद्या संग्रहांत ठेवावा इतका तो स्वच्छ रेखिलेला आहे.

या दप्तरपद्धतीचा मुख्य अधिकारी याकोब लेंट्स हा होता. तो नात्सी पक्षाचा प्रचारक नव्हता. तो आपल्या विद्येचा भक्त होता. युद्धापूर्वीं त्यानें सार्वत्रिक ओळखपत्राची योजना पुढें मांडली असतां डच सरकारनें ती, स्वतंत्र नागरिकास अशोभनीय म्हणून, नाकारली होती. जर्मन अंमल येतांच त्याच्या कौशल्यास आश्रय मिळाला. जलचिन्ह, छायाचित्र, बोटाचा ठसा, विशेष शाई यांनीं युक्त असें त्याचें ओळखपत्र इतकें निर्दोष होतें कीं, त्याची बनावट करणें अत्यंत कठीण झालें. ज्यूंच्या पत्रावर पुढें एक ठळक अक्षर उमटविण्यांत येऊं लागलें. एका कुशल कारकुनाच्या परिपूर्णतेच्या हव्यासानें सहस्रावधि लोकांच्या सुटकेची वाट बुजली.

कर्णपर्वांत श्रीकृष्णानें अर्जुनास कौशिक नांवाच्या ब्राह्मणाची कथा सांगितली आहे. सत्यच बोलावयाचें असें त्याचें व्रत. दस्यूंच्या भयानें पळालेले लोक कोणत्या वाटेनें गेले, असें दस्यूंनीं त्यास विचारलें. त्यानें खरें तें सांगितलें. लोक मारले गेले, आणि कौशिक सत्यवादी असूनही नरकास गेला. लेंट्सचें दप्तर हें या कौशिकाच्या सत्यासारखें होय. नोंद खरी होती, अक्षर सुवाच्य होतें, पत्ता अचूक होता. आणि विचारणारे दस्यु होते.

उलट बाजूस ज्यांनीं आपला धर्म ओळखला त्यांची हकीकत अशी. खोटीं ओळखपत्रें बनविणाऱ्यांचा एक गुप्त संघ शहरांत होता. खोटें पत्र कितीही उत्तम केलें तरी तें मूळ दप्तराशीं ताडून पाहतां येत असे. म्हणून मूळ दप्तरच नष्ट करण्याचें ठरलें. ता. २७ मार्च १९४३ च्या रात्रीं प्लांटाज केर्कलान या रस्त्यावरील दप्तरखान्यांत शिल्पकार खेरिट फान डर फेन आणि चित्रकार विलेम अरोंडेउस यांच्या नेतृत्वाखालील मंडळी पोलिसांच्या वेषांत शिरली. पहारेकऱ्यांस गुंगीचें औषध देऊन बाहेर काढण्यांत आलें; एकही मनुष्य मारावयाचा नाहीं असा निश्चय होता. कपाटें रिकामीं करून पत्रिकांस आग लावण्यांत आली. आग विझविणाऱ्या पथकांतील लोकांस मर्म कळलें होतें. ते सावकाश आले, आणि आग विझल्यावरही त्यांनीं पाण्याचा वर्षाव चालूच ठेविला, हेतु हा कीं जें जळलें नाहीं तें भिजून जावें. दप्तराचा पुष्कळसा भाग तरीही वांचला. थोड्याच दिवसांत फितुरीमुळें मंडळी पकडली गेली, आणि ता. १ जुलै १९४३ रोजीं बारा जणांस गोळ्या घालण्यांत आल्या. त्यांत योहान ब्राउवर हे स्पॅनिश भाषा व वाङ्मय यांचे नामांकित अभ्यासक होते.

या मंडळींत आणखी एक पुरुष होता, त्याची कथा आपल्यासारख्यांनीं विशेष ध्यानांत ठेवावी. विलेम सांडबर्ग हा ॲमस्टरडॅमच्या नगरसंग्रहालयाचा अधिकारी. युद्धाची चिन्हें दिसतांच समुद्रकांठच्या वाळूच्या टेकड्यांत भक्कम तळघर बांधून त्यानें चित्रसंग्रह सुरक्षित ठेवण्याची व्यवस्था केली. तोच सांडबर्ग खोटीं पत्रें बनवीत होता आणि दप्तर जाळण्याच्या मसलतींत होता. तो निसटला, आणि युद्धानंतर त्याच संग्रहालयाचा प्रमुख झाला. ज्या विवेकानें त्यानें चित्र राखलें त्याच विवेकानें त्यानें पत्रिका जाळावयास घेतल्या. संग्राहक म्हणून त्याच्या वर्तनांत विसंगति नाहीं. चित्र मनुष्याच्या जीवितासाठीं होतें आणि पत्रिका त्याच्या मृत्यूसाठीं योजिली होती, एवढें त्यानें ओळखलें.

या मार्गाचें मोल अल्प नव्हतें, हेंही सांगितलें पाहिजे. अशाच पत्रिकांच्या दुसऱ्या संचाचा नाश व्हावा म्हणून ता. ११ एप्रिल १९४४ रोजीं इंग्रज विमानांनीं हेग शहरांतील क्लाइकाम्प या इमारतीवर बाँब टाकले. त्यांत पुष्कळशा पत्रिका नष्ट झाल्या, परंतु तेथें काम करणारे सुमारे साठ लोकही मेले, आणि ते बहुतेक साधे डच कारकून होते. अशा प्रसंगीं निष्कलंक मार्ग कोणताच उरत नाहीं.

त्याच पेठेंत, जळालेल्या दप्तरखान्यापासून जवळच, एक जुनें नाटकगृह आहे. पकडलेल्या ज्यूंस येथें कोंडून मग आगगाडीनें पाठवीत. लहान मुलांस समोरच्या शिशुगृहांत ठेवीत. शिशुगृहाशेजारीं शिक्षकांचें अध्यापनविद्यालय होतें व योहान फान हुल्स्ट हे तरुण गृहस्थ त्याचे प्रमुख होते. शिशुगृहाच्या संचालिका हेन्रिएट पिमेंटेल, नाटकगृहाच्या व्यवस्थेवर नेमलेले वाल्टर झ्यूस्किंड आणि फान हुल्स्ट यांनीं संगनमत करून सुमारे सहाशें मुलें बाहेर काढलीं. झ्यूस्किंड मुलांचीं नांवें नोंदींतून नाहींशीं करीत, आणि रस्त्यावरून ट्राम जाऊन पहारेकऱ्यांची दृष्टि आड झाली म्हणजे मूल बाहेर जाई. पिमेंटेल व झ्यूस्किंड दोघेही पुढें संहारांत नाश पावले. फान हुल्स्ट १०७ वर्षें जगून २०१८ मध्यें वारले. सप्टेंबर १९४३ मध्यें शिशुगृह रिकामें करण्यांत आलें तेव्हां उरलेल्या मुलांतून त्यांस थोडींच बरोबर नेतां आलीं. कोणतें घ्यावें आणि कोणतें मागें ठेवावें हें ठरविण्याचा तो प्रसंग त्यांस जन्मभर विसरतां आला नाहीं. ज्यानें आयुष्यभर वर्गाची हजेरी घेतली आहे, त्यास या प्रसंगाचा अर्थ विस्तारानें सांगावयास नको. शिक्षकाच्या हातून हजेरींतील नांव खोडलें जाणें हें एरवीं दोषास्पद. येथें त्या खोडण्यानें एक मूल वांचत होतें.

नेदर्लंड्समधून सुमारे १,०७,००० ज्यू पाठविले गेले. सुमारे ५,००० परत आले. ॲमस्टरडॅम येथें सन २०२१ मध्यें १,०२,००० हून अधिक नांवें कोरलेली भिंत उभी राहिली. तीं नांवें जुळविण्यास ज्या कागदांचा आधार झाला, त्यांत मारेकऱ्यांनीं केलेल्या आगगाड्यांच्या याद्याही आहेत. जी यादी मारण्यासाठीं केली तीच स्मरणासाठीं उपयोगीं पडली. म्हणून युद्धकाळीं जी पत्रिका जाळणें धर्म होता, ती आज कोणी जाळूं लागल्यास तो अधर्म होईल. कागद तोच, काळ व धारक बदलले म्हणजे त्याजविषयींचें कर्तव्यही बदलतें.

४

तिसरें स्थळ पोलंडची राजधानी वॉर्सा. नोव्हेंबर १९४० मध्यें जर्मनांनीं शहराच्या एका भागास भिंत घालून चार लाखांहून अधिक ज्यू त्यांत कोंडले. उपासमार व ज्वर यांनीं लोक रस्त्यांत मरत होते. अशा स्थितींत इमानुएल रिंगेलब्लूम या इतिहासकारानें एक संशोधनमंडळ स्थापिलें. त्याची सभा शनिवारीं भरे, म्हणून त्यास ‘शब्बाथचा आनंद’ या अर्थाचें ‘ओनेग शब्बात’ हें नांव होतें. सुमारे साठ माणसें त्यांत काम करीत: शिक्षक, पत्रकार, अर्थशास्त्रज्ञ, धर्मगुरु, विद्यार्थी.

यांची कार्यपद्धति कोणाही संशोधनसंस्थेनें आदर्श मानावी अशी आहे. त्यांनीं प्रश्नावल्या तयार केल्या, निरनिराळ्या गांवांहून आलेल्या निर्वासितांच्या हकीकती लिहून घेतल्या, एकच घटना अनेकांच्या मुखें ऐकून ताडून पाहिली, आणि शक्य तेथें लेखांच्या अनेक प्रती केल्या. केवळ थोरांचे कागद जमवावे असें त्यांनीं मानिलें नाहीं. शिधापत्रिका, ट्रामचीं तिकिटें, मिठाईचीं वेष्टनें, नाटकांचीं जाहिरातपत्रें, शाळकरी मुलांचे निबंध हीं सर्व त्यांनीं राखलीं. आणि सर्वांत कठीण गोष्ट ही कीं, आपल्याच समाजास लाज आणणारे कागदही त्यांनीं राखले. भिंतीआंतील ज्यू पोलिसांनीं केलेले अत्याचार, पंचायतीचा भ्रष्टाचार, श्रीमंतांची निष्ठुरता यांविषयींचे लेख त्या संग्रहांत आहेत. मरणाच्या दारांत उभ्या असलेल्या मनुष्यास आपल्या लोकांची कीर्ति तेवढी मागें ठेवावी असा मोह होणें साहजिक आहे. तो मोह त्यांनीं जिंकला.

संग्रहाचा उपयोग केवळ भावी पिढ्यांसाठीं नव्हता. खेल्मनो येथील वधस्थानांतून एक मनुष्य जानेवारी १९४२ मध्यें पळून आला. त्याची जबानी या मंडळानें लिहून घेतली, आणि गुप्त मार्गांनीं वार्ता बाहेर पाठविली. जून १९४२ मध्यें लंडनच्या नभोवाणीवरून पोलंडमधील ज्यूंच्या संहाराची बातमी सांगितली गेली. जगानें ती ऐकून काय केलें हा वेगळा प्रश्न आहे.

ता. २२ जुलै १९४२ पासून वॉर्साच्या ज्यूंस ट्रेब्लिंका येथील वधस्थानीं नेण्यास आरंभ झाला. सप्टेंबरच्या अखेरीपूर्वीं सुमारे अडीच लाखांहून अधिक लोक गेले. त्या धांदलींत, ऑगस्टच्या प्रारंभीं, नोवोलिप्की रस्त्यावरील ६८ क्रमांकाच्या शाळेच्या तळघरांत दहा पत्र्याच्या पेट्या पुरण्यांत आल्या. पुरणारा इझ्राएल लिखटेन्श्टाइन हा शाळामास्तर. त्याच्या साहाय्यास दाविद ग्राबर आणि नाहुम ग्झिवाच हे त्याचे विद्यार्थी, वीस वर्षांच्या आंतले. पेटी बंद करण्यापूर्वीं तिघांनींही आपापलें मृत्युपत्र लिहून आंत ठेविलें. लिखटेन्श्टाइननें लिहिलें कीं, त्यास आभार, स्मारक वा स्तुति नको. आपली, आपली पत्नी चित्रकर्त्री गेले सेक्श्टाइन हिची, आणि वीस महिन्यांची कन्या मार्गालित हिची कोणी आठवण ठेवावी, एवढीच इच्छा आहे. मुलीची नोंद त्यानें विशेष आग्रहानें केली. हें कुटुंब वांचलें नाहीं. दोघे विद्यार्थीही वांचले नाहींत. फेब्रुवारी १९४३ मध्यें त्याच जागीं आणखी कागद दुधाच्या दोन मोठ्या बरण्यांत भरून पुरले गेले. तिसरा ठेवा एप्रिल १९४३ मध्यें, उठावाच्या तोंडावर, दुसऱ्या ठिकाणीं पुरला. तो शोध करूनही सांपडलेला नाहीं.

रिंगेलब्लूम भिंतीबाहेर एका बागेखालील भुयारांत लपून लिहीतच राहिला. मार्च १९४४ मध्यें तें भुयार उघडकीस आलें. त्यास, त्याच्या पत्नीस व मुलास, बरोबरच्या सर्वांस आणि आश्रय देणाऱ्या पोलिश माळ्यासही ठार मारण्यांत आलें. मंडळाच्या साठ जणांपैकीं युद्धाअखेर तिघेच उरले: हेर्श वासर, त्याची पत्नी ब्लूमा आणि राखेल आउएरबाख. शहराच्या त्या भागांत घरें राहिलीं नव्हतीं, रस्ते राहिले नव्हते. विटांचे ढीग होते. वासरच्या स्मृतीच्या आधारानें खणतां खणतां ता. १८ सप्टेंबर १९४६ रोजीं पत्र्याच्या पेट्या सांपडल्या. दुधाच्या बरण्या ता. १ डिसेंबर १९५० रोजीं मिळाल्या.

दप्तररक्षकांनीं येथें एक तपशील पाहावा. पत्र्याच्या पेट्यांच्या झांकणांस डाख दिलेला नव्हता, म्हणून त्यांत पाणी शिरलें. कागद चिकटले, शाई पसरली, छायाचित्रें खराब झालीं. बरण्यांतील कागद बऱ्याच चांगल्या स्थितींत निघाले. घाईनें, साधनांवांचून, मृत्यूच्या छायेंत काम करणाऱ्यांकडून राहिलेली ही उणीव मनास चटका लावते. तथापि एकंदर सुमारे ३५,००० पृष्ठें वांचलीं आहेत. तीं वॉर्सांतील ज्यू इतिहाससंस्थेंत आहेत, आणि १९९९ मध्यें युनेस्कोनें त्यांस जगाच्या स्मृतिपटावर स्थान दिलें. ही संस्था युद्धापूर्वीं ज्यूंचें मुख्य ग्रंथालय होती. शेजारचें मोठें प्रार्थनामंदिर ता. १६ मे १९४३ रोजीं जर्मनांनीं सुरुंगानें उडविलें, तेव्हां लागलेल्या आगीचे काळे डाग संस्थेच्या प्रवेशदालनाच्या फरशीवर अद्याप आहेत. ते मुद्दाम पुसलेले नाहींत. त्या फरशीवरून चालत जाऊन वाचक दुधाची बरणी पाहतो.

५

या तीन दप्तरांबरोबर न लिहिलेल्या दप्तराचाही विचार केला पाहिजे, नाहीं तर कागदावरच विसंबणाऱ्या संशोधकाचा मोठा प्रमाद घडेल. आउश्वित्झ येथें सुमारे १३ लाख माणसें आणिलीं गेलीं व सुमारे ११ लाख मेलीं. परंतु क्रमांक देऊन नोंद केलेल्या बंदिवानांची संख्या सुमारे ४ लाखच आहे. ज्यांस आगगाडींतून उतरवून थेट वायुगृहाकडे नेलें, त्यांत बहुसंख्य म्हातारीं माणसें, लहान मुलें आणि मुलांच्या आया. त्यांस क्रमांकही नाहीं आणि मृत्यूची नोंदही नाहीं. जानेवारी १९४५ मध्यें रशियन सैन्य समीप येतांच पहारेकऱ्यांनीं दप्तरें जाळलीं. तरीही कांहीं मृत्युनोंदवह्या वांचल्या. त्यांत रोग्याची प्रकृति, वेळ, वैद्याची सही हें सर्व यथासांग आहे, आणि मृत्यूचें कारण पुष्कळदां कल्पित आहे. येथें नोंद आहे तेथें तिच्यांत असत्य आहे, आणि सत्य आहे तेथें नोंद नाहीं. एखादा म्हणेल कीं कागद नाहीं म्हणून घटना नाहीं. त्यास आउश्वित्झचें हें गणित दाखवावें. अभावाचेंही कारण शोधणें हें संशोधकाचें कर्तव्य आहे.

ॲमस्टरडॅमची आग आणि आउश्वित्झची आग या दोन्ही दप्तरास लावलेल्या आगीच होत. एकीनें दुसऱ्याचे प्राण वांचवावयाचे होते. दुसरीनें स्वतःचा अपराध लपवावयाचा होता. पहिली लावणाऱ्यांनीं त्याचें मोल आपल्या देहानें दिलें. दुसरी लावणाऱ्यांस तें चुकवावयाचें होतें.

६

सारांश असा. कागद हें साधन आहे. तो राखण्यांत पुण्य आहे, परंतु तें पुण्य कागदाचें नव्हे. ज्या मनुष्याविषयीं तो बोलतो त्या मनुष्याच्या हिताचें तें पुण्य आहे. जिवंत मनुष्यावर शस्त्र म्हणून उगारलेला कागद नष्ट करणें हा आपद्धर्म होय. आणि तो आचरणाऱ्यानें त्याचें मोल आपण स्वतः देण्यास सिद्ध असावें, ही त्याची कसोटी. मृतांविषयींचा कागद राखणें हा नित्यधर्म होय; तेथें जाळण्यास व लपविण्यास आधार नाहीं. आपल्याकडे एखादें घराणें दप्तर दाखवितांना सनदा आणि वाखाणणीचीं पत्रें पुढें करतें, आणि कज्जाचा, फितुरीचा वा गुलामांच्या खरेदीचा रुमाल तेवढा माडीवर राहूं देतें. संशोधकही पुष्कळदां दाक्षिण्यानें तो मागत नाहीं. ज्यांस मृत्यु दाराशीं दिसत होता त्या वॉर्साच्या मंडळींनीं आपल्या लोकांचे दोष जमिनींत जपून ठेविले. आपल्यापुढें तसा कोणताही भयप्रसंग नसतां आपण तो रुमाल न सोडणें हें संशोधनाच्या नांवास शोभत नाहीं.

दुसरें असें कीं, जो आज याद्या करतो, वर्गीकरण करतो, अचूक नोंद ठेवितो, त्यानें आपली यादी कोणाच्या हातीं पडेल याचा विचार आधीं करावा. लेंट्स हा दुष्ट मनुष्य म्हणून नव्हे, तर उत्तम कारकून म्हणून संहारास उपयोगीं पडला. विद्येची परिपूर्णता हें सद्गुणाचें प्रमाण नव्हे, हें वान्से येथील डॉक्टर मंडळींवरूनही सिद्ध आहे.

या स्थळांस जाणाऱ्यानें तेथें शोकासाठीं तर जावेंच, पण एक प्रश्नही बरोबर न्यावा: त्या टेबलापाशीं, त्या पत्रिकांच्या कपाटापाशीं, त्या तळघरांत आपण असतों तर आपला हात कशाकडे गेला असता? याचें उत्तर घरीं बसून देणें सोपें आहे, म्हणून तें घरीं देऊं नये. परंतु वीस महिन्यांच्या मार्गालितचें नांव तिच्या पित्यानें पत्र्याच्या पेटींत ठेविलें होतें आणि तें आपल्यापर्यंत पोंचलें आहे. तें पुढें पोंचविणें एवढें तरी आपल्या हातांतलें आहे.